चराची डावी बाजू

आधी काठी आली. ब्लोकवाइकला राहायला येऊन आम्हाला तीन दिवसही झाले नव्हते. मी परसात खोकी उघडत बसलो होतो आणि कुंपणावरून एक काठी आत शिरली. ती आत येतच राहिली. तीन मीटर झाली, चार मीटर झाली, काठी काही संपेना. मला वाटलं, गावाने एखादा पूल पाठवलाय. मग केव्हातरी काठीचं दुसरं टोक आलं, त्या टोकाला एक हात होता, हातामागून बराच वेळ एक नाक येत राहिलं, आणि नाक पूर्ण आत आल्यावर, त्याच्या आडोशाला उभा असावा तसा, क्राइन ओस्ट्रोम दिसला.

नव्या शेजाऱ्याला माणूस काय म्हणतो? या, बसा, कुठून आलात? क्राइनने काठीचं टोक माझ्या परसामागच्या चरात बुडवलं, बाहेर काढलं आणि माझ्या नाकासमोर धरलं. टोकावर टिकलीएवढी शेवाळाची तीन पानं होती.

"हे काय आहे?" त्याने विचारलं.

"शेवाळ," मी म्हणालो.

"कुणाचं?"

मी शहरातला. शेवाळ कुणाचं तरी असतं हे मला माहीत नव्हतं. माझ्या चेहऱ्यावरून त्याला ते कळलं असावं, कारण तो एकदम मऊ आवाजात, शाळेतल्या मुलाला सांगावं तसं म्हणाला, "चराच्या मध्यापर्यंत तुमचं. मध्याच्या पलीकडे शेजाऱ्याचं. एक नोव्हेंबरला मी पुन्हा येईन." मग ते नाक, हात आणि काठी उलट्या क्रमाने कुंपणाबाहेर गेली. काठीला जायला पाच मिनिटं लागली.

मी सायकली दुरुस्त करतो. गेली बावीस वर्षं या गावात तेच करतोय, पण गावकरी मला ओळखतात ते एका वेगळ्याच कारणाने. क्राइनचं घर माझ्या डाव्या हाताला, तेच बांधावरचं चर्चपासून तिसरं. त्याची शेजारीण आलेइदा, तिचं घर त्याच्या पलीकडे, चर्चपासून दुसरं; मधला चर दोघांचा. आणि क्राइन आणि आलेइदा एकमेकांशी बोलत नसल्यामुळे अकरा वर्षं त्यांचा सगळा व्यवहार माझ्या दुकानातून चालला.

"योस्त," आलेइदा दारात येऊन म्हणायची, "त्या साहेबांना सांग, त्यांची कोंबडी माझ्या वाटाण्यात शिरलीय. कोंबडीला नोटीस लागू होते का, तेही विचार."

क्राइन माझ्याच दुकानात, तिच्यापासून तीन हातांवर, स्टुलावर बसलेला असायचा. मी वळून म्हणायचो, "क्राइन, तुमची कोंबडी."

"ऐकलं," तो म्हणायचा. "त्यांना सांग, घेऊन जातो."

"नेतायत," मी आलेइदाला सांगायचो. असं हे अकरा वर्षं.

कारण सांगायलाच हवं. क्राइन पाणी मंडळाचा चर-तपासनीस होता. आमच्या भागात जमीन पाण्याच्या खाली आहे आणि चर तुंबले तर सगळं गाव सूप होईल, म्हणून दर वर्षी एक नोव्हेंबरला प्रत्येकाने आपापला अर्धा चर साफ केलेला असावा लागतो. हे काम क्राइनने अडतीस वर्षं केलं. ज्याचा चर तुंबलेला त्याचं नाव वहीत, मग नोटीस; त्याच्या वहीतून सुटलेला माणूस नाही. चर्चच्या धर्मगुरूला त्याने लिहिलं, स्वतःच्या मेव्हण्याला लिहिलं, एका वर्षी पाणी मंडळालाच लिहिलं, कारण त्यांच्या कचेरीमागे लव्हाळी वाढली होती. गावात म्हण होती की देव हिशेब मागेल तेव्हा क्राइन शेजारी उभा राहून दुरुस्त्या सुचवेल. स्वतःच्या घराण्याचा त्याला एकच अभिमान होता. ओस्ट्रोम घराणं बांधावर तीनशे वर्षं आहे आणि ओस्ट्रोमांच्या चरात तपासणीच्या दिवशी कधी गवताची काडी सापडली नाही. हे तो वाढदिवसाला सांगायचा, लग्नात सांगायचा, आणि एकदा माझ्या सासूच्या दफनविधीतही त्याने सांगितलं.

त्या अकरा वर्षांच्या सुरुवातीला आलेइदाचा नवरा त्यूनिस गेला. ऑक्टोबरच्या एकोणतीस तारखेला. सगळा महिना तो अंथरुणाला खिळून होता आणि आलेइदा त्याच्या उशाशी. चर कोण साफ करणार? एक तारखेला घराचे पडदे ओढलेले होते, आत त्यूनिस पेटीत होता, आणि बाहेर क्राइन काठी घेऊन आला. काठी बुडवली, बाहेर काढली, वहीत लिहिलं. नोटीस दफनाच्या दुसऱ्या दिवशी टपालाने आली.

"नियमाला पडदे नसतात," क्राइन तेव्हा मला म्हणाला होता. आवाज फार मोठा केला होता त्याने, आणि मी काही विचारलंही नव्हतं.

त्या वर्षापासून आलेइदाचा चर असा असायचा की त्यात तोंड पाहून भांग पाडावा. एक तारखेला ती खिडकीत बसून वाट पाहायची. क्राइन यायचा, काठी बुडवायचा, काठी स्वच्छ यायची. ती खिडकी लावून घ्यायची. तो निवृत्त झाला त्या वर्षी मी तिला म्हटलं, आता तरी थोडं सैल सोड. ती म्हणाली, "का? तो निवृत्त झालाय. मी नाही."

आता एका चित्राकडे येतो.

धर्मगुरूंच्या जुन्या घराची कौलं बदलताना माळ्यावर एक पाकीट सापडलं. त्यात दोन वितींचं एक शाईचं चित्र. तपकिरी शाई, मधूनमधून करड्या पाण्याचा हात. चर्चचा मनोरा, बांध, बांधावर घरांची रांग, समोरून थेट आपल्या पायाशी येणारा एक चर. कोपऱ्यात बारीक अक्षरात तारीख, ११ नोव्हेंबर १७४३. गावाचं नाव नव्हतं, पण माळा आमचा, धर्मगुरू आमचे, म्हणजे गावही आमचंच. सगळं ब्लोकवाइक हुरळून गेलं. अडीचशेहून जास्त वर्षांपूर्वी कुणीतरी आपल्याकडे पाहिलं होतं!

शहरातून फ्लोरिस नावाचा एक जाणकार तरुण बोलावला. मानेला रेशमी रुमाल, बोटं लांब, बोलणं त्याहून लांब. त्याने चित्राशेजारी लावायच्या कार्डाचा मजकूर लिहून दिला. चराची डावी बाजू गडद आहे, ती घराची सावली. काठावर मेंढ्या झोपल्यात. लांब काठी घेतलेला माणूस मासे धरतोय. एका घराच्या खिडक्या चित्रकाराने घाईत काळ्या करून टाकल्यात. एकूण चित्रावर शरद ऋतूची गोड उदासी पसरलीय. गावसभेने ठरवलं, छापण्याआधी क्राइनच्या नजरेखालून जाऊ दे. प्रत्येक घर त्याला ठाऊक आहे.

क्राइनने चित्राची मोठी केलेली प्रत माझ्या दुकानात आणली आणि कामाच्या टेबलावर पसरली. माझ्या चेन, नट, बोल्ट जमिनीवर गेले.

"मेंढ्या!" तो म्हणाला. "हा पोरगा कधी गावात आलाय का? बघ. या मेंढ्या तीन-तीन पावलांवर ओळीने झोपल्यात. तुझ्या बापाने कधी ओळीत झोपणारी मेंढी पाहिलीय?"

"मग काय आहेत?"

"ढीग. चरातून काढलेल्या गवताचे ढीग. माणूस तीन पावलं सरकतो, ओढतो, टाकतो. आणि ती काठी मासे धरायची नाही. टोकाला आकडी आहे, दिसते का? ती काठी," आणि इथे त्याचा आवाज खरोखरच कापला, "ही काठी आहे." त्याने कोपऱ्यात टेकवलेल्या आपल्या काठीवर हात ठेवला. हुद्दा गेला तरी काठी सोबत असायचीच.

मग त्याने भिंग घेतलं. फ्लोरिसची सावली त्याने दोन मिनिटांत उडवली. चिमणीची सावली डावीकडे पडलीय, मग डावीकडच्या घराची सावली उजवीकडे चरात कशी येईल? आणि सावली माणूस आडव्या रेघांनी काढतो. इथे उभे, आखूड, खुरटे फटकारे होते.

"गवत," क्राइन म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर अडतीस वर्षांचं सुख पसरलं. "उजवा अर्धा साफ. डावा अर्धा तुंबलेला. अकरा नोव्हेंबरला! तपासणी होऊन दहा दिवस झाले आणि डावा अर्धा तुंबलेला! पकडला, योस्त. सतराशे त्रेचाळीसचा पकडला." तो टेबलाभोवती लहानशी फेरी मारून आला. "आता बघू या, कोण आहे हा हरामखोर."

त्याने चर्चपासून घरं मोजली. एक. दोन. चराच्या उजवीकडे दुसरं. डावीकडे...

तो पुन्हा मोजायला लागला. मग भिंग पुसून पुन्हा मोजलं. मी एका मागच्या चाकाचे आरे घट्ट करायला घेतले, कारण मला त्याच्याकडे पाहवेना. तिसरं घर. ओस्ट्रोमांचं.

"चित्रकार चुकला असेल," मी म्हणालो.

"हं."

"फ्लोरिस म्हणतोय ना सावली. राहू दे की सावली. कोणाला काय कळतंय?"

क्राइनने प्रतीची गुंडाळी केली आणि निघून गेला. काठी विसरला. मी त्याला ओळखायला लागल्यापासून पहिल्यांदा.

पुढचे आठ दिवस तो दुकानात आला नाही. गावात कुणालाच काही माहीत नव्हतं आणि मी गप्प होतो, पण मला स्पष्ट दिसत होतं काय होईल ते. ज्या गावातल्या प्रत्येक घराला त्या माणसाने लिहिलं, त्या गावाला कळलं की ओस्ट्रोमांचाच चर तुंबलेला होता, आणि तोही चित्रात, तारखेसकट, तर पुढची पन्नास वर्षं हसायला पुरलं असतं. त्याला फक्त गप्प बसायचं होतं. कार्डावर सावली छापून आली असती आणि तीनशे वर्षांचं नाव शाबूत राहिलं असतं.

नवव्या दिवशी तो आला. दाढी केलेली नव्हती. प्रत त्याने टेबलावर न पसरता भिंतीला टाचली.

"खिडक्या घाईत काळ्या केलेल्या नाहीत," तो म्हणाला. "झडपा आहेत. बंद आहेत. बाकी सगळ्या घरांच्या उघड्या, याच्याच बंद. आणि चिमणीतून धूर येतोय, म्हणजे घरात माणसं आहेत."

भर दुपारी, घरात माणसं असताना, रस्त्याकडच्या खिडक्या केव्हा बंद करतात हे मला कुणी समजावायची गरज नव्हती. माझ्या सासूच्या वेळी आम्हीही केल्या होत्या.

"कुणीतरी गेलंय," मी म्हणालो.

"गेलंय. आता हा माणूस बघ. आकडीवाला. कुठे उभा आहे?"

"डाव्या काठावर."

"डाव्या काठावर. ओस्ट्रोमांच्या. आणि ही फळी बघ, चरावर टाकलेली. हिचं टोक उजवीकडे, दुसऱ्या घराच्या अंगणात खोल गेलंय. ज्याची फळी, त्याच्या अंगणात तिचं लांब टोक असतं. हा दुसऱ्या घरातला माणूस आहे, योस्त. स्वतःचा अर्धा त्याने कधीच केलाय, त्याच्याकडचे ढीग सुकून बसलेत. आता पलीकडे येऊन हा त्यांचा अर्धा करतोय."

त्यूनिसचं घर. त्यूनिसचं घराणंही बांधावर तेवढंच जुनं.

"शेजारधर्म," मी म्हणालो.

"आणि दहा दिवस," क्राइन म्हणाला, "दहा दिवस त्या वेळचा तपासनीस आला नाही. किंवा आला, झडपा पाहिल्या आणि परत गेला. वही होतीच की त्याच्याकडे." तो स्टुलावर बसला. बराच वेळ नाक चोळत राहिला, आणि त्या नाकाला वेळ लागतो. "एक गोष्ट मात्र जुळत नाही. आपला चर चर्चजवळ वळतो. हा सरळ आहे."

"चित्रकाराने सरळ केला असेल. त्यांना सरळ आवडतं."

"हं," क्राइन म्हणाला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग चित्राकडे, मग पुन्हा त्या वळणाचं नाव काढलं नाही.

शनिवारी सकाळी गावाच्या हॉलमध्ये चित्र लावलं. सत्तर-ऐंशी माणसं होती, म्हणजे अंथरुणाला खिळलेले सोडून सगळं गाव. कॉफी आलेइदाकडे. आमच्या गावात कॉफी आलेइदाकडेच असते. प्रत्येकाला एक कप, एक बिस्कीट, आणि बिस्किटाचा डबा दर वेळी पुन्हा बंद. फ्लोरिस बोलला. गोड उदासीपाशी तो दोनदा येऊन गेला. मग गावसभेचे अध्यक्ष म्हणाले, "क्राइन, तुझं काही? लेखी तक्रार सोडून."

लोक हसले. क्राइन उठला. कोट लग्नातला होता, काठी हातात होती. त्याने काठीचं टोक चित्रावर ठेवलं तेव्हा फ्लोरिस दचकून पुढे धावला.

"ही सावली नाही," क्राइन म्हणाला. "हे गवत आहे. हे घर तिसरं. आमचं. सतराशे त्रेचाळीसच्या तपासणीला ओस्ट्रोमांचा चर तुंबलेला होता."

मग जो हास्याचा स्फोट झाला तो पुढच्या गावापर्यंत गेला असेल. क्राइनचा मेव्हणा खुर्चीवर उभा राहिला. "लिही! लिही वहीत!" कुणीतरी ओरडलं. "काठी बुडव रे त्याच्या कॉफीत!" धर्मगुरूंनी तोंडावर रुमाल धरला होता, खांदे मात्र हलत होते.

क्राइन थांबला. सगळ्यांचं हसून होईपर्यंत थांबला. त्याला वेळ मोजायची सवय होती. मग त्याने काठी थोडी वर सरकवली.

"झडपा बंद आहेत," तो म्हणाला. "घरात मयत आहे. हा माणूस शेजारच्या घरातला, त्यूनिसच्या घराण्यातला. स्वतःचं झाल्यावर हा आमचा अर्धा साफ करतोय. आणि तपासणी दहा दिवस मागे पडलीय आणि कुणी काही लिहिलेलं नाही." तो चित्राकडे तोंड करूनच बोलत होता. "त्यांना जमलं. मला अकरा वर्षांपूर्वी याच चरावर जमलं नाही. पडदे मला दिसले होते. मी काठी खाली ठेवून गवत ओढायला हवं होतं. एवढंच."

आता कुणी हसत नव्हतं. फ्लोरिस आपलं कार्ड उलटंपालटं करत होता. सगळं गाव आलेइदाकडे न बघण्याचा प्रयत्न करत होतं, आणि ऐंशी माणसं एकाच दिशेला बघत नाहीत तेव्हा ते फार दिसतं.

आलेइदाने किटली उचलली. टेबलांमधून वाट काढत ती क्राइनपाशी आली. कप भरला. मी तयारीत होतो. सवयच ती, आता माझ्याकडे वळून 'त्या साहेबांना सांग' म्हणेल.

"दूध घालू?" तिने विचारलं. थेट त्याला.

क्राइन सत्तर वर्षं काळी कॉफी पीत आला होता आणि हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. लग्न होऊन ती बांधावर आली तेव्हापासून त्यूनिस आणि तो रोज सकाळी तिच्याच स्वयंपाकघरात कॉफी प्यायचे.

"घाल," क्राइन म्हणाला.

तिने घातलं. त्याने ती सगळी प्याली, तोंड वाकडं न करता. मग तिने डबा उघडला, त्याला एक बिस्कीट दिलं, आणि डबा बंद करायच्या आत दुसरं दिलं. अध्यक्षांनी हे पाहिलं आणि त्यांच्या हातातला चमचा खाली पडला.

त्या दिवसापासून माझा धंदा बसला. निरोप बंद झाले. कोंबडी वाटाण्यात शिरली की आलेइदा खिडकीतून थेट ओरडायची, "क्राइन! ने तुझी ही रांड!" आणि तो चपला शोधत धावायचा. फ्लोरिसने कार्ड नवीन लिहून पाठवलं. त्यात ढीग होते, आकडी होती, शेजारधर्म होता, आणि खाली बारीक अक्षरात 'क्राइन ओस्ट्रोम यांच्या माहितीवरून'. क्राइन रोज हॉलमध्ये जाऊन ते वाचायचा. दोन स्वल्पविराम चुकलेत असं त्याने लेखी कळवलं.

पुढच्या ऑगस्टमध्ये क्राइन गेला. झोपेत, कुणाला त्रास न देता, जे त्याच्या स्वभावात बसत नव्हतं. पुतणे दूर शहरात, घर बंद, झडपा लावलेल्या. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात एका सकाळी मी दुकान उघडलं तर आलेइदा, वय चौऱ्याहत्तर, कमरेपर्यंत रबरी बूट, क्राइनच्या काठावर उभी. हातात ती काठी, जिला संपायचं माहीत नाही. तीन पावलं सरकायची, ओढायची, टाकायची. मी मदतीला गेलो तर म्हणाली, "तू आपल्या चाकांना हवा भर."

त्यानंतरच्या वसंतात शहरातल्या संग्रहालयाचं पत्र आलं. त्याच चित्रकाराची एक वही त्यांना मिळाली होती, त्यात आमच्या चित्राच्या जोडीचं पान होतं, नावासकट. ते गाव ब्लोकवाइक नव्हे, हार्डेनब्रूक. चाळीस किलोमीटरवर. पुरावे तीन दिले होते, त्यातला पहिला असा की चित्रातला चर सरळ आहे.

गावसभेने एकमताने चित्र त्या गावाला पाठवून दिलं. गेल्या उन्हाळ्यात मी हार्डेनब्रूकला सायकलीवरून जाऊन आलो. चित्र तिथल्या ग्रंथालयात, नकाशांच्या कपाटाशेजारी लावलंय. खाली कार्ड आहे. त्यावर लिहिलंय, 'झोपलेल्या मेंढ्या आणि मासे धरणारा माणूस.'